समेची जागा रिकामी

जमैका केवढा देश आहे, असं कुणी विचारलं तर नकाशा उघडायची गरज नाही. तो साधारण आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याएवढा आहे. जिल्ह्याचं क्षेत्रफळ दहा हजार चौरस किलोमीटरच्या जरा वर, जमैकाचं अकरा हजारांच्या जरा आत. माणसं तर आपल्याहून कमी. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३७ लाख होती, जमैकाची आजही ३० लाखांच्या आत आहे. सोयगावपासून पैठणपर्यंतच्या मुलखाएवढ्या या बेटावर १९६८च्या सुमारास एक नवं संगीत उभं राहिलं. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत त्यात अशा काही तबकड्या निघाल्या, की लंडनपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंतच्या गाण्यांची चाल बदलली. २०१८ मध्ये युनेस्कोनं या संगीताला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हे संगीत म्हणजे रेगे.

आपल्याकडे रेगे म्हणजे टी-शर्टवरचा बॉब मार्ली, त्याच्या जटा आणि गांजाचा धूर. चेहरा ओळखीचा, गाणी एक-दोन माहीत, अख्खा अल्बम मात्र ऐकलेला नाही. याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण मराठवाड्याच्या कानाला परकं वाटावं असं या संगीतात फार थोडं आहे. त्याचा ताल मात्र आपल्या सवयीच्या नेमका उलटा आहे, तेवढा समजून घेतला की बाकीचं आपोआप उलगडतं.

आपल्या कानात केरवा मुरलेला असतो. आठ मात्रा, पहिलीवर सम, पाचवीवर खाली. भजन असो, कव्वाली असो की भीमगीत, सगळे फिरून-फिरून समेवर येऊन भेटतात आणि ऐकणाऱ्याची मान तिथंच हलते. रेगेमध्ये चार मात्रा मोजून पाहा. पहिलीवर ड्रमवाला गप्प. दुसरीवर आणि चौथीवर गिटारचा आखूड, कोरडा ठोका. तिसरीवर पायानं वाजवायचा मोठा ड्रम आणि कडेवर मारलेली काठी एकदम पडतात. या ठेक्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात. म्हणजे जिथं सगळ्यांनी भेटायचं, ती जागाच मोकळी सोडलेली. आपल्या रूपक तालातही समेवरच खाली असते, त्यामुळे रूपक ऐकलेल्यांना ही कल्पना चटकन पटेल. रेगेत मात्र ती मोकळी जागा दर दीड-दोन सेकंदांनी परत येते, आणि ती भरून काढायचं काम ऐकणाऱ्याच्या अंगावर पडतं. गुडघे नकळत वाकायला लागतात ते त्यामुळेच. थोर रेगे अल्बम कोणता, याचं माझं मोजमाप एवढंच आहे: ही रिकामी जागा कुणी किती समजून राखली.

दुसरी उलथापालथ बेस गिटारची. एरवी बेस म्हणजे पाया, तो मागं राहून आधार देतो. रेगेत बेसच गातो. गायकाचा आवाज बाजूला काढला तरी बेसवरून गाणं ओळखता येतं. म्हणूनच मोबाइलच्या स्पीकरवर रेगे ऐकू नये. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर निघतच नाहीत. उरतो फक्त गिटारचा चक-चक आवाज, आणि मग माणसाला वाटतं की सगळी गाणी सारखीच. निदान बरे हेडफोन हवेत. मोठे स्पीकर मिळाले तर उत्तमच.

मोठ्या स्पीकरचा तर या संगीताच्या जन्माशीच संबंध आहे. पन्नाशीच्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत घरी तबकडी वाजवायचं यंत्र नसे आणि वाद्यवृंदाचं तिकीट परवडत नसे. मग ड्यूक रीड, कॉक्सन डॉड यांच्यासारखे लोक मोठमोठी लाकडी खोकी, अँप्लिफायर आणि तबकड्या घेऊन मोकळ्या मैदानात रात्रभर नाच लावायचे. याला साउंड सिस्टिम म्हणत. चुरस एवढी की चांगली तबकडी हाती लागली तर तिचं लेबल खरवडून टाकायचे, प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये म्हणून. अमेरिकेतून येणारा माल अपुरा पडायला लागला तेव्हा हीच मंडळी स्वतः गाणी ध्वनिमुद्रित करू लागली. जी तबकडी उघड्यावर, गर्दीत, मोठ्या खोक्यांवर घुमेल तीच चालेल, या एका व्यावहारिक अटीतून बेस मोठा होत गेला. १४ एप्रिलच्या रात्री भडकल गेटच्या गर्दीत डीजेच्या भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आवाज आधी छातीला लागतो, मग कानाला.

या व्यवस्थेत गाणी सुटी निघत. दोन बाजूंची छोटी तबकडी, पंधरा दिवसांत दुसरी. अल्बम ही कल्पना उशिरा आली. म्हणून ज्याला सुरुवात करायची आहे त्यानं १९७२च्या ‘द हार्डर दे कम’ या चित्रपटाच्या गाण्यांपासून करावी. पेरी हेन्झेलचा हा चित्रपट, नायक जिमी क्लिफ. खेड्यातून शहरात आलेला पोरगा, गायक व्हायची धडपड, गाण्याचे सगळे हक्क किरकोळ पैशांत लिहून घेणारा निर्माता, मग बंदूक. या तबकडीत जिमी क्लिफसोबत टूट्स अँड द मेटल्स, डेस्मंड डेकर, मेलोडियन्स अशांची आधीच गाजलेली गाणी एकत्र केली आहेत. अल्बम म्हणून कुणी योजलेला नाही, तरी त्या काळच्या किंग्स्टनचा इतका नेमका अर्क दुसरीकडे सापडत नाही. टूट्सचा आवाज चर्चमध्ये तयार झालेला आहे, खरखरीत आणि भरभरून. वारकरी कीर्तनात टिपेला गेलेला आवाज आवडणाऱ्यांना तो लगेच आपलासा वाटेल.

पुढच्याच वर्षी ‘कॅच अ फायर’ आला. बॉब मार्ली, पीटर टॉश, बनी वेलर हे तिघं तोवर दहा वर्षं गात होते आणि हाती फारसं काही लागलेलं नव्हतं. आयलंड कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेलनं त्यांना चार हजार पौंड दिले आणि पूर्ण अल्बम करून आणायला सांगितलं. तेव्हाच्या जमैकन गायकाला अशी मुभा कुणी देत नसे. तिघांनी किंग्स्टनमध्ये काम पूर्ण करून टेप लंडनला आणल्या. तिथं ब्लॅकवेलनं त्यांवर आणखी थर चढवले. अलाबामाचा गिटारवादक वेन पर्किन्स बोलावला गेला. त्यानं हे संगीत पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं, पहिली मात्रा कुठं पडते हेच त्याला आधी उमगेना. तरी ‘काँक्रीट जंगल’मध्ये त्यानं वाजवलेला गिटारचा तुकडा अप्रतिम आहे, हे मी मोकळेपणानं मानतो. पण २००१ मध्ये मूळ जमैकन टेपही प्रसिद्ध झाल्या. दोन्ही लागोपाठ ऐका. मूळ टेपमध्ये कार्लटन बॅरेटचा ड्रम आणि त्याचा भाऊ ॲस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेटचा बेस यांच्यामध्ये हवा खेळते. लंडनच्या आवृत्तीत त्याच जागी सजावट आहे. मला मूळ टेप जास्त प्रिय आहेत.

आता माझ्या सर्वांत आवडत्या अल्बमकडे येतो. १९७५चा ‘मार्कस गार्वी’, गायक बर्निंग स्पिअर, म्हणजे विन्स्टन रॉडनी. त्याआधी गार्वी कोण ते सांगायला हवं. १८८७ मध्ये जमैकाच्या सेंट ॲन्स बे गावात जन्मलेल्या या माणसानं जगभरच्या कृष्णवर्णीयांना स्वाभिमानाची आणि संघटनेची भाषा दिली. १९१६च्या मार्चमध्ये तो न्यूयॉर्कला पोचला. त्या वेळी कोलंबिया विद्यापीठातला आपला अभ्यासक्रम आटोपत आलेले बाबासाहेब आंबेडकर त्याच शहरात होते. त्याच वर्षी ते लंडनला गेले. काही काळ दोघं एकाच शहरात राहत होते. हे आठवलं की मला दर वेळी थरारून येतं. गार्वी १९४०मध्ये लंडनमध्ये वारला. त्याचा देह १९६४मध्ये मायदेशी आणला गेला आणि स्वतंत्र जमैकानं त्याला पहिला राष्ट्रीय वीर ठरवलं.

रॉडनीही त्याच सेंट ॲन्स बेचा. त्याचं गाऱ्हाणं असं, की पुतळा झाला, नाव लागलं, पण त्या माणसाचं म्हणणं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. हे गाऱ्हाणं तो ओरडून मांडत नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा, जरा वेगळ्या वळणानं, जवळजवळ पुटपुटत म्हणतो. मागं पितळी वाद्यं एक छोटी सुरावट घेऊन येतात आणि गप्प होतात. ओळ संपल्यावर पुढची सुरू करायची त्याला घाई नसते, मधल्या वेळात फक्त बेस चालू राहतो. निर्माता जॅक रूबी होता ओचो रिओसचा, राजधानीतल्या बड्या स्टुडिओवाल्यांपैकी नव्हे; त्या गावाकडच्या सवडीचा गुण अल्बमभर जाणवतो. परदेशी बाजारासाठी आयलंडनं हे मिश्रण सौम्य आणि चकचकीत केलं, तेव्हा रॉडनी नाराज झाला. पुढच्या वर्षी याच गाण्यांतून बहुतेक आवाज वगळून ‘गार्वीज घोस्ट’ नावाचा अल्बम निघाला.

एका नेत्याची आठवण गाण्यानं जागी ठेवायची, हे काम आपल्या वस्त्यांनी केलेलं आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेले वामनदादा कर्डक मुंबईत मोठेपणी अक्षरं शिकले आणि हजारो गीतं लिहून गावोगाव गात हिंडले. बाबासाहेबांचं पुस्तक जिथं पोचलं नाही तिथं वामनदादांचं गाणं पोचलं, हे मराठवाड्यात कुणालाही विचारा. भीमगीतांच्या जुन्या पुस्तिका पाहिल्या तर प्रत्येक गीताच्या डोक्यावर एक ओळ दिसते: ‘चाल’, आणि पुढं एखाद्या चित्रपटगीताचं नाव. चाल सगळ्यांची, शब्द आपले. जमैकात हीच रीत जरा निराळ्या अंगानं आहे. बेस आणि ड्रमची एक जोडणी, तिला ते ‘रिडिम’ म्हणतात, एकदा गाजली की तिच्यावर पन्नास जण पन्नास गाणी रचतात, कुणालाही त्यात चोरी वाटत नाही. १९७३चा ‘स्टॅलॅग’ हा रिडिम असाच अजून वापरात आहे. आपल्या समीक्षकांनी भीमगीतांना ‘उसन्या चालींची’ म्हणून बाजूला ठेवलं. मला हा मोठा अन्याय वाटतो; हीच रीत जमैकात एका अख्ख्या संगीतपरंपरेचा कणा आहे.

आपलं कृष्णवर्णीय जगाशी नातं तसं जुनं आहे, पण ते कागदावरचं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. पुढं छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनात, १९५०मध्ये सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, साठीच्या दशकात म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांची चर्चा सुरू झाली. गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’नं ती वाढवली. जनार्दन वाघमाऱ्यांनी त्या साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. मे १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह त्याच वर्षीचा, आणि ‘द हार्डर दे कम’ही त्याच वर्षीचा. शब्द इथवर आले, आवाज मात्र आला नाही. गोव्यात २०१६ पासून भरू लागलेल्या सनस्प्लॅश या रेगे महोत्सवामुळे आता तो निदान शेजारपर्यंत येऊन ठेपला आहे.

रेगेमधल्या डब या प्रकाराला थोडा जास्त वेळ द्यायला हवा, कारण रिकाम्या जागेचा विचार तिथं टोकाला जातो. १९६८च्या सुमारास रडी रेडवुड नावाचा साउंड सिस्टिमवाला ड्यूक रीडच्या स्टुडिओत एक तबकडी कापून घ्यायला गेला. यंत्रावरच्या माणसाकडून गायकाचा आवाज त्यात घालायचा राहून गेला. रेडवुडनं ती तशीच रात्री वाजवली. आधी आवाजाची तबकडी, मग बिनआवाजाची. जमलेल्या लोकांनी मोकळ्या जागेत स्वतःच गायला सुरुवात केली आणि मैदान दणाणून गेलं. तेव्हापासून तबकडीच्या मागच्या बाजूला बिनआवाजाची आवृत्ती देण्याची चाल पडली.

या आवृत्तीचं शास्त्र केलं किंग टबीनं. खरं नाव ऑस्बोर्न रडॉक, मूळचा विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करणारा. वॉटरहाउस वस्तीत आईच्या घराच्या एका खोलीत त्याचा स्टुडिओ. चार ट्रॅकची टेप, एक जुनं मिक्सिंग टेबल आणि त्यावर एक मोठं बटण: ते फिरवलं की खालचे स्वर टप्प्याटप्प्यानं कापले जात आणि आवाज कागदासारखा पातळ होई. टबी तयार गाणं घेई आणि टेप चालू असतानाच त्यातली वाद्यं काढून घेई. गिटार गेली, आता नुसता बेस. गायकाचा एकच शब्द येतो, प्रतिध्वनीत विरत जातो, पुन्हा येत नाही. ड्रमचा एक ठोका खोल विहिरीत पडल्यासारखा घुमतो. हे सगळं एका दमात, हातानं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. यंत्रं चालवणारा माणूस वादक ठरला तो इथं. १९७६चा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ हा या कलेचा शिखर-अल्बम. त्यात ऑगस्टस पाब्लो मेलोडिका वाजवतो, म्हणजे शाळेतली मुलं शिकतात ते तोंडानं फुंकायचं छोटं पेटीवजा वाद्य. त्या साध्या वाद्यातून पाब्लोनं करुण, लांबवर पसरणारे स्वर काढलेत. शीर्षकाचा तुकडा जेकब मिलरच्या एका प्रेमगीतावर बेतलेला आहे. मूळ गाणं आधी ऐका, मग हा. काढून टाकण्यानं किती मिळवता येतं, ते कळेल.

याच्या उलट ली ‘स्क्रॅच’ पेरी. त्याच्या घरामागच्या ब्लॅक आर्क स्टुडिओतही चारच ट्रॅक होते, पण तो थरावर थर चढवत जाई, अगदी टेप धुरकट होईपर्यंत. १९७७च्या ‘हार्ट ऑफ द काँगोज’मध्ये सेड्रिक मायटनचा उंच, पातळ आवाज त्या दाट आवाजावर तरंगत राहतो. माझं मोजमाप इथं मोडतं, तरी हा अल्बम थोर आहे, कारण त्या दाटीतही पेरीनं बेसला कुणाच्या पायाखाली येऊ दिलेलं नाही.

१९७७ हे वर्षच विलक्षण. डिसेंबर १९७६ मध्ये घरात घुसून झालेल्या गोळीबारातून वाचलेल्या मार्लीनं लंडनमध्ये ‘एक्झोडस’ केला. पीटर टॉशचा ‘इक्वल राइट्स’ त्याच साली आला, आणि मार्लीपेक्षा तो जास्त रोखठोक आहे. कल्चर या त्रिकुटाचा ‘टू सेव्हन्स क्लॅश’ इतका मनावर घेतला गेला की ७ जुलै १९७७ला, तारखेत चार साते आल्यामुळे, किंग्स्टनमधले कित्येक लोक घराबाहेर पडले नाहीत.

बायकांचे अल्बम या यादीत कमी आहेत, कारण स्टुडिओचे दरवाजे पुरुषांच्या हाती होते. सिस्टर नॅन्सीचा १९८२चा ‘वन टू’ म्हणून आवर्जून ऐकावा. त्यातलं ‘बॅम बॅम’ जगभर वाजलं, आणि त्याचे पैसे तिला मिळायला तीस वर्षांहून जास्त काळ जावा लागला. ते गाणंही ‘स्टॅलॅग’वरच रचलेलं आहे.

शेवटचा अल्बम जमैकाबाहेरचा. लिंटन क्वेसी जॉन्सन १९५२ मध्ये जमैकात जन्मला, अकराव्या वर्षी आईकडे लंडनला आला, शाळकरी वयातच ब्रिटनमधल्या ब्लॅक पँथरच्या युवक शाखेत गेला. तो गात नाही, कविता म्हणतो, आणि खालून डेनिस बोव्हेलचा बेस चालतो. त्याचे शब्द बेसच्या ठेक्यावर इतके नेमके बसतात की कागदावरही चाल ऐकू येते. १९७९च्या ‘फोर्सेस ऑफ व्हिक्टरी’मधली ‘सनीज लेटर’ ही कविता म्हणजे तुरुंगातून मुलानं आईला लिहिलेलं पत्र. बसची वाट पाहत उभ्या असलेल्या दोन पोरांना पोलीस हटकतात, धाकट्याला धरतात, झटापट होते, आणि पत्राच्या शेवटी मोठ्यावर खुनाचा आरोप आहे. सार्वजनिक दुःख घरच्या माणसाच्या नात्यातून सांगण्याची ही ताकद अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’त आपण पाहिली आहे.

त्या पोरांना ज्या कायद्याखाली धरलं, तो १८२४चा भटकेगिरीविरोधी कायदा. नुसत्या संशयावरून कुणालाही अडवायची मुभा देणारा. त्याच राज्यकर्त्यांनी १८७१ मध्ये भारतात गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच संशयित ठरवल्या. आपल्याकडचा तो कायदा १९५२मध्ये गेला, पारध्यांच्या पालावर पडणारी पोलिसांची धाड गेली नाही. लंडनमधलं संशयाचं कलम १९८१मध्ये रद्द झालं, जॉन्सनची कविता तबकडीवर आल्यानंतर दोन वर्षांनी आणि ब्रिक्स्टनच्या रस्त्यांवर दंगल उसळल्यानंतर काही महिन्यांनी.